चार्ल्स लॅमची पत्रं वाचायला घेताना

लॅम हा इंग्रज निबंधकार. त्याच्या पत्रांची सुरुवात पहिल्या पानापासून करू नका. आधी २७ सप्टेंबर १७९६ चं कवी कोलरिजला लिहिलेलं पत्र वाचा. बहीण मेरीच्या हातून वेडाच्या भरात आईचा जीव गेला, त्यानंतर पाच दिवसांनी लिहिलेलं. मग ३० जानेवारी १८०१ चं, कवी वर्ड्‌स्वर्थला: डोंगरांपेक्षा लंडनच्या गल्ल्या का प्रिय, ते सांगणारं. फार सुंदर आहे ते.

आवृत्ती मात्र पारखून घ्या. लॅमचा मित्र टॅलफर्ड याच्या १८३७ च्या संग्रहात मेरी हयात असल्यामुळे आईच्या मृत्यूची घटना गाळलेली आहे. ती १८४८ मध्ये छापली गेली. मार्सची आवृत्ती काटेकोर, पण १८१७ पर्यंतचीच. पुढच्यासाठी ल्यूकसचे १९३५ चे तीन खंड.

नवा वाचक हमखास फसतो तो लॅमच्या थापांना. २५ डिसेंबर १८१५ ला चीनमधल्या मॅनिंग या मित्राला त्यानं जिवंत मित्रांच्या मरणाच्या बातम्या कळवल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या परतीच्या वाटेवरच्या सेंट हेलेना बेटाच्या पत्त्यावर खरं काय ते लिहिलं. ही जोडी एकत्रच वाचा. एकाच पत्रावरून चरित्रातला तपशील उचलू नका.

बॅरन फील्ड या मित्राला ऑस्ट्रेलियात पाठवलेलं १८१७ चं पत्रही पाहा. त्यातूनच पुढे १८२२ चा एक निबंध झाला.