सातारा-यवतेश्वर-कासच्या बाजूला चालवायला ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यावर पण चालणारी सायकल) घेतोय, पुढं एक चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) बरी का दोन?

तुमचं राइडिंग जर घाट आणि कास पठाराकडचे कच्चे रस्ते असं असेल तर माझ्या मते सिंगलच घ्या, पुढं ४० दातांची आणि मागं ११ ते ४२ दातांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच). सगळ्यात हलका गिअर ०.९५ पडतो (पुढचे दात भागिले मागचे), म्हणजे ६० च्या केडन्सला (मिनिटाला पेडलचे ६० फेरे) ताशी साडेसात किमीच्या आसपास, पण यवतेश्वरच्या चढाला सामान लादून जायचं असेल तर हे पण जड वाटतं, तेव्हा सरळ पुढची ३८ करून टाका, चढाला गुडघे वाचतात हो. शिवाय पुढं डिरेलरच (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नाही त्यामुळं पावसाळ्यात लाल चिखल अडकायला एक जागा कमी, आणि पाठीमागं क्लचवाला (चेन ताणून धरणारा) डिरेलर असला की खडीवर चेन उडत नाही.

डबल म्हणजे ४६/३० आणि मागं ११-३४, हिचा हलका गिअर ०.८८, उलट जास्तच सोपा! गिअरमधलं अंतर पण कमी, म्हणून हायवेला ग्रुपसोबत लांब जाणाऱ्यांनी हीच घ्यावी.

फक्त एक बघा, ३४ पर्यंतच्या डिरेलरवर ४२ ची कॅसेट बसवायला जाऊ नका, दुकानात आधी मॅक्सिमम दात विचारा.