वाचक विचारतात: व्हल्कनचे 21 बॉम्ब आणि स्टॅन्लीचा रनवे

मागच्या अंकात फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात झालेल्या युद्धातल्या ‘ब्लॅक बक’ मोहिमेवर एक छोटी चौकट दिली होती. ब्रिटिशांचं व्हल्कन बॉम्बर 1 मे 1982 च्या पहाटे अटलांटिकमधल्या असेन्शन या ब्रिटिश बेटावरून उडून आलं आणि अर्जेंटिनाने ताब्यात घेतलेल्या पोर्ट स्टॅन्लीच्या विमानतळावर बॉम्ब टाकून परत गेलं, एवढंच त्यात होतं. त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय.

प्रश्न: सर, 21 बॉम्ब नेले आणि रनवेवर पडला एकच. नेम एवढा वाईट? आणि रनवेच्या लांबीला धरून सरळ टाकायचे सोडून तिरके कशाला टाकले?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. रनवेची रुंदी साधारण 45 मीटर, आणि बॉम्ब होते साधे, म्हणजे ज्यांना आपण ‘डंब’ म्हणतो ते, एकदा सुटले की सुटले. आता समजा तुम्ही रनवेच्या बरोब्बर वरून लांबीच्या दिशेने आलात आणि तीन हजार मीटर उंचीवरून, रात्री, फक्त रडारच्या भरवशावर तुमचा नेम पन्नास मीटर डावीकडे चुकला, तर 21 च्या 21 बॉम्ब बाजूच्या मातीत. हातात शून्य. म्हणून व्हल्कनचा पायलट मार्टिन विदर्स आणि त्याच्या क्रूने रनवेला साधारण 35 अंशाच्या कोनात छेद देत बॉम्बची एक ओळ टाकली, पाचेक सेकंदात सगळे बाहेर. ओळीतल्या दोन बॉम्बमधलं अंतर असं ठेवलेलं की ओळ रनवे ओलांडताना एक तरी, नशीब असेल तर दोन, त्यावर पडणारच. म्हणजे ‘21 पैकी 1’ हा नापास झाल्याचा मार्क नाहीये, प्लॅनच एक-दोन हिटचा होता. पहिलाच बॉम्ब रनवेच्या साधारण मध्यावर पडला, पुढचे विमानतळाच्या आवारात.

उंचीचंही तसंच. विमान रडारखाली राहायला शेवटच्या टप्प्यात अगदी 300 फुटांवर आलं होतं, तिथून परत 10,000 फुटांवर चढलं. हा उपद्व्याप का? तर हजार पौंडी बॉम्बला खाली येताना वेग मिळायला हवा, तरच तो काँक्रीट फोडून आत घुसतो आणि खालून फुटतो. फार खालून टाकला तर नुसता वरवर खरवडणार.

प्रश्न: एका बॉम्बरसाठी 11 टँकर? हे गणित काय आहे ते समजावून सांगा.

माझ्या मते या मोहिमेतला खरा भारी भाग हाच, आणि लोक नेमका हाच सोडून बॉम्बबद्दल बोलत बसतात.

असेन्शन ते स्टॅन्ली अंतर साधारण 6,300 किलोमीटर, एका बाजूचं. सगळा प्रवास जवळपास सोळा तासांचा. व्हल्कन बॉम्ब घेऊन एवढं जाऊन येऊच शकत नाही, म्हणून हवेत इंधन भरायचं. पण ते देणारी व्हिक्टर टँकर विमानं पण तेवढं लांब जाऊ शकत नाहीत! मग टँकरने टँकरला भरायचं, अर्ध्याने परत फिरायचं, उरलेल्यांनी पुढे जाऊन पुन्हा एकमेकांना भरायचं, असं करत करत शेवटी एक व्हिक्टर आणि एक व्हल्कन उरतात. ज्योतीने ज्योत पेटवत जावं तसं, फक्त इथे प्रत्येक वेळी देणाऱ्याकडचं कमी होतं.

त्यात त्या रात्री काय काय झालं बघा. मुख्य व्हल्कन दुसरंच होतं. त्याच्या एका खिडकीचं सील बसेना, केबिनमध्ये हवेचा दाब टिकेना, ते मागे फिरलं आणि रिझर्व्ह म्हणून निघालेलं विदर्सचं एक्सएम 607 हेच मुख्य झालं. पुढे ऐन वादळात दोन व्हिक्टर एकमेकांना इंधन देत असताना घेणाऱ्याचा प्रोब, म्हणजे इंधन घ्यायची नाकावरची नळी, तुटला, म्हणजे ज्याने पुढे जायचं होतं त्याला आता जाताच येणार नव्हतं. मग बॉब टक्सफर्डच्या व्हिक्टरने दिलेलं इंधन परत घेतलं आणि पुढे तो निघाला. व्हल्कन तर अंदाजापेक्षा जास्त इंधन पीत होतं, कारण वजन नेहमीच्या मर्यादेच्या वर गेलेलं. शेवटच्या भरणीला टक्सफर्डने व्हल्कनला इतकं दिलं की स्वतःला असेन्शनला पोचायला पुरणार नाही हे त्याच्या क्रूला माहीत होतं, आणि तरी रेडिओ बंदच, कारण मदत मागितली तर मोहीम उघडी पडेल. व्हल्कनकडून ‘सुपरफ्यूज’ हा यशाचा कोडवर्ड आल्यावरच त्यांनी टँकर मागवला. टक्सफर्डला एअर फोर्स क्रॉस मिळालं, विदर्सला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस. मला विचाराल तर त्या रात्रीचा मोठा माणूस टक्सफर्डच.

आणि हे सगळं अशा विमानाने, जे अणुबॉम्बसाठी बनवलेलं आणि त्याच वर्षी निवृत्त व्हायचं होतं. व्हल्कनच्या क्रूंनी हवेत इंधन घ्यायची प्रॅक्टिस कित्येक वर्षांत केली नव्हती, ती एप्रिलमध्ये घाईघाईत करून घेतली. समुद्रावर रस्ता सापडावा म्हणून प्रवासी विमानांत वापरतात ती नेव्हिगेशन सिस्टिम बसवली आणि रडार जॅम करणारा पॉड पंखाखाली लटकवला.

प्रश्न: पण अर्जेंटिनाची हर्क्युलिस मालवाहू विमानं नंतरही स्टॅन्लीला उतरतच होती ना? मग उपयोग काय झाला? उगाच ब्रिटिशांचं कौतुक चाललंय.

उतरत होती, अगदी युद्ध संपेपर्यंत. अर्जेंटिनाच्या लोकांनी खड्डा भरून घेतला आणि दिवसा रनवेवर मातीचे ढीग टाकून अजून खड्डे असल्याचा देखावा केला, हुशारीच म्हणायची. हर्क्युलिसला थोडी, ओबडधोबड जागाही पुरते. पण स्कायहॉक किंवा मिराजसारख्या जेटला तसं चालत नाही. स्टॅन्लीचा रनवे मुळातच छोटा, सव्वा किलोमीटरच्या आसपास, आणि तो वाढवून तिथून जेट उडवली असती तर ब्रिटिश ताफ्याची पंचाईत होती. ती जेट युद्धभर अर्जेंटिनाच्या मुख्य भूमीवरूनच, रिओ गायेगोस, रिओ ग्रांदे अशा तळांवरून येत राहिली आणि बेटांवर पोचेपर्यंत इंधन इतकं संपायचं की लढायला मोजकी मिनिटं. आता याचं सगळं श्रेय एका बॉम्बला देणं मला पटत नाही. खुद्द ब्रिटिश नौदलाच्या, जहाजावरून उडणाऱ्या सी हॅरियर लढाऊ विमानांच्या पायलटांपैकी काहींनी ही मोहीम म्हणजे इंधनाची उधळपट्टी असं म्हटलंय. 4 मेच्या पहाटेच्या दुसऱ्या रेडमध्ये तर एकही बॉम्ब रनवेवर पडला नाही. पण असेन्शनवरून स्टॅन्लीला पोचू शकतो तर मुख्य भूमीवरही पोचू शकतो, हा इशारा अर्जेंटिनाच्या राजधानीला, ब्युनोस आयर्सला, गेला, तो मी बिनकामाचा म्हणणार नाही.

प्रश्न: मग हॅरियरनेच का नाही केलं?

केलं की! त्याच 1 मेच्या सकाळी हर्मीस या विमानवाहू जहाजावरून नऊ सी हॅरियर स्टॅन्लीवर आणि तीन बेटांवरच्याच गूज ग्रीनच्या धावपट्टीवर गेले, सगळे परत आले. पण दोन जहाजांवर मिळून हॅरियर होते वीस, आणि ताफ्याचं हवाई संरक्षण त्यांनीच करायचं. विमानविरोधी तोफांच्या वरून रोज रोज पाठवून ते गमवायचे की ठेवायचे, निवड सोपी होती.

प्रश्न: एवढी लांबची बॉम्बिंग रेड नंतर झाली का?

हो, 1991 मध्ये अमेरिकन बी-52 विमानांनी लुइझियानातून उडून इराकवर हल्ला केला, ती जास्त लांबची.

प्रश्न: एक व्हल्कन ब्राझीलमध्ये अडकलं होतं हे खरं का?

खरंय. ती नंतरची फेरी, 3 जूनची, रडार उडवायला श्राइक क्षेपणास्त्रं घेऊन गेलेली. परत येताना इंधन घेताना प्रोब तुटला आणि रिओ द जानेरोशिवाय पर्याय उरला नाही. क्रूने गुप्त कागद विमानातून समुद्रात फेकले, पण एक श्राइक पंखाखाली अडकून राहिलं ते काही सुटेना. टाक्या जवळजवळ कोरड्या असताना विमान उतरलं. ब्राझीलने ते क्षेपणास्त्र काढून ठेवलं आणि विमान 10 जूनला सोडलं.