पंचवीस हजारांचे इअरबड्स हप्त्याने, की दोन हजारांचे वायरवाले?

प्रश्न: मी 26 वर्षांची आहे. कोथरूडला आईबाबांकडे राहते, नोकरी हिंजवडीत. हातात 34,000 रुपये येतात. घरी 10,000 देते, 3,000 ची एसआयपी आहे, फोनचा 2,100 चा हप्ता अजून चार महिने चालेल. सगळं जाऊन महिन्याला सहा-सात हजार उरतात, बचत खात्यात 40,000 आहेत. शास्त्रीय गाणं शिकते. बसमध्ये आणि घरी ऐकण्यासाठी 24,990 रुपयांचे वायरलेस इअरबड्स सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावेत असं मनात आहे. दादा म्हणतो, दोन हजारांचे वायरवाले इन-इअर घे, आवाजात काही कमी पडणार नाही. पण स्वस्तातला आवाज चांगला आहे हे ओळखायचं कसं? आणि दोन हजार पाण्यात गेले तर?

उत्तर: दादाचं बरोबर आहे. फक्त दुकानात शिरून समोर दिसेल तो दोन हजारांचा नग उचलायचा, असा त्याचा अर्थ काढू नका.

आधी हप्त्याचं बघू, कारण ते लवकर आटपतं. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच आक्षेप घेतला. त्यामुळे आजच्या नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच आणि तेवढी रक्कम किमतीतून सूट म्हणून वजा दाखवली जाते. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याकडूनच घेतला जातो, वर प्रोसेसिंग फी. तुमच्या 24,990 वर 16 टक्के दर आणि 199 रुपये फी धरली, तर फीवरच्या जीएसटीसह साधारण 440 रुपये जास्त जातात. रक्कम किरकोळ आहे, मान्य. मला खटकतं ते वेगळंच. हप्ता 4,165 चा, फोनचा धरून 6,265. म्हणजे पगाराचा 18 टक्के भाग दोन गॅझेट्सना, आणि महिन्याकाठी जे उरतं त्यातलं अर्ध्याहून जास्त सहा महिने अडकलेलं. बचत खात्यातले 40,000 तुमचा जेमतेम दीड-दोन महिन्यांचा खर्च भागवतील. त्यात एखादा हप्ता चुकला आणि कार्डाचं बिल थकलं, तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज बसतं. मग नो-कॉस्ट कुठलं आणि काय!

आता आवाज. 2017 मध्ये अमेरिकेच्या अकूस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. 283 हेडफोन्स आणि इअरफोन्सचं मोजमाप करून, त्यांचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांचा काही संबंध लागतो का हे त्यात पाहिलं होतं. लागला नाही. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या पट्टीतले आवाज एकमेकांच्या तुलनेत किती मोठे ऐकू येतात ते. चांगलं-वाईट वाटण्यात सगळ्यात मोठा वाटा याचाच. यावरून स्वस्त ते सगळं उत्तम असं होत नाही, पण किमतीच्या लेबलवरून आवाज कळत नाही एवढं नक्की. मग 24,990 मधले जास्तीचे पैसे कशाचे? नॉइज कॅन्सलिंग, बॅटरी, ब्लूटूथ, माइक, ॲप, चार्जिंगची डबी आणि ब्रँड. यातलं काही हवं असेल तर जरूर पैसे मोजा, पण ते आवाजाच्या खात्यावर लिहू नका.

खोक्यावर लिहिलेलं ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ तर सरळ विसरून जा. शंभर रुपयांच्या नगावरही तेच छापलेलं असतं. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. दोन ड्रायव्हर (म्हणजे आतला इवलासा स्पीकर), चार ड्रायव्हर हेही तसंच. एकच दहा मिलिमीटरचा डायनॅमिक ड्रायव्हर नीट बसवलेला असला, तर तो चार ड्रायव्हरवाल्याला मागे टाकू शकतो. मूनड्रॉप चू 2 किंवा सेव्हनहर्ट्झ सॅलनोट्स झीरो ही या किमतीतली चर्चेतली नावं एकेका ड्रायव्हरचीच आहेत.

पारखण्याच्या बाबतीत तुम्ही बहुतेकांपेक्षा पुढे आहात, कारण तुमचा कान तयार होतोय. आधी रबरी टिप्स बघा. सोबत लहान, मध्यम, मोठ्या अशा जोड्या येतात आणि आपण आळसाने लावून आलेल्याच वापरतो. कानाचा वरचा भाग जरा वर-मागे ओढून इअरफोन आत बसवा. खालचा आवाज पातळ वाटला तर बोटाने हलकेच आत दाबून बघा. दाबल्यावर एकदम भरदार झाला तर हवा गळत होती, म्हणजे टिप लहान पडतेय. डाव्या कानाला मध्यम आणि उजव्याला मोठी लागणं अजिबात नवल नाही. ‘बेस नाही’ म्हणून परत केलेल्या इअरफोन्समध्ये किती जण नुसत्या टिपमुळे बदनाम झाले असतील, देव जाणे.

मग तानपुरा लावा. तुमची पट्टी काळी चार असं धरू. सा सुमारे 208 हर्ट्झवर आणि खर्ज 104 च्या आसपास. फोनचा स्पीकर इतक्या खाली नीट उतरतच नाही, वरच्या स्वरांशांवरून कान खर्जाचा अंदाज बांधतो. इअरफोनमध्ये मात्र खर्जाची तार स्वतःच्या वजनाने ऐकू यायला हवी आणि तिच्यावर जवारीची झणझण सुटी राहायला हवी. खर्ज फुगून सगळं गढूळ झालं, तर तो नग बेस वाढवून विकलेला. उलट जवारी टोचायला लागली किंवा गायिकेचा ‘स’, ‘श’ सुरीसारखा आला, तर वरचा भाग अतिरेकी. बायाँची (तबल्याच्या डग्ग्याची) मींड घसरत जाताना मधेच गायब होते का, हार्मोनियम आणि आवाज एकाच सुरावर असताना दोन्ही वेगळे कळतात का, हे बघा.

जुनं मोनो ध्वनिमुद्रण ही तर फुकटची कसोटी. दोन्ही कानांत एकच सिग्नल जात असल्यामुळे गाणारा डोक्याच्या बरोबर मधोमध हवा. एखाद्या सुराला डावीकडे, एखाद्याला उजवीकडे सरकत असेल, तर दोन बाजूंचे ड्रायव्हर जुळलेले नाहीत. स्वस्तातला हा खरा धोका, आणि असा नग मुदतीत बदलून घ्यायचा. त्या काळच्या 78 च्या तबकड्यांवर खरखर मुळातच आहे. तिथे महागडा इअरफोन तपशील देतो म्हणजे बऱ्याचदा खरखरीचाच तपशील देतो.

दोन इअरफोन्सची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा लावा. थोडा मोठा असलेला नेहमी जास्त चांगला वाटतो. दुकानातला विक्रेता हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जाणतो. ‘पन्नास तास वाजवल्यावर उघडेल’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. सवय बहुतेक वेळा आपल्याच कानाला होत असते.

रियाजाबद्दल एक गोष्ट, जिच्यासाठी पंचवीस हजारही कामाचे नाहीत. कान घट्ट बंद करून गायलं की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सुराचा अंदाज चुकतो. तेव्हा एक कान मोकळा ठेवा, नाहीतर तानपुरा साध्या स्पीकरवर लावा. तबल्याच्या ॲपबरोबर गाऊन रेकॉर्ड करणार असाल तर ब्लूटूथ मुळीच नको. ठेका कानात उशिरा पोचतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही समेच्या मागे पडलेल्या दिसता. वायरला ही भानगड नाही.

वायरलेसची बाजू खरी भक्कम आहे ती बसमध्ये. इंजिनाची सलग घरघर नॉइज कॅन्सलिंग छान दाबतं. हॉर्न आणि शेजारच्याचं फोनवरचं बोलणं मात्र तितकं नाही. नीट बसलेला साधा इन-इअरही बराच गोंगाट अडवतो. चांदणी चौक ते हिंजवडी तेवढ्यात निभेल असं मला वाटतं, आणि नाहीच निभलं तर नॉइज कॅन्सलिंग चार-पाच हजारांतही मिळतं. बाकी गोंगाटावर मात करायला आवाज वाढवत नेणं वाईट. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास अशी आहे. रोज बसने प्रवास करणाऱ्या, शिवाय गाणाऱ्या माणसाने ती लक्षात ठेवलेली बरी.

वर्षाचा हिशेब लावा. इवल्याशा इअरबडमधली लिथियम बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि बदलून मिळणं कठीण. तीन वर्षं धरली तर 24,990 म्हणजे महिन्याला जवळजवळ 700 रुपये. वायरवाला दोन हजार, तो फोनच्या चार्जिंगच्या छिद्रात जोडायचा डोंगल हजारभर, मधे एकदा केबल पाचशेची, म्हणजे तीन वर्षांत 3,500. महिन्याला शंभराच्या आत. अट एकच, केबल सुटी निघणारी हवी. इअरफोन मरतात ते बहुतेक प्लगपाशी वायर तुटून.

तेव्हा माझा सल्ला असा. दोन हजारांचा इन-इअर शिल्लकीतून रोख घ्या, एसआयपीला हात लावू नका. चार महिन्यांनी फोनचा हप्ता संपला की तेच 2,100 रिकरिंग डिपॉझिटमध्ये वळवा, तुम्हाला त्याची सवय झालेलीच आहे. बारा महिन्यांत 25,200 आणि वर व्याज. तेव्हाही ते इअरबड्स हवेसे वाटले तर खुशाल एकरकमी घ्या, मी आडकाठी करणार नाही. तोवर त्यांची किंमत उतरलेली असण्याचा संभव मोठा. दरम्यान महिन्याला जे उरतं त्यातून बचत किमान तीन महिन्यांच्या खर्चाइतकी करा, म्हणजे 75,000 च्या घरात. (सवाई गंधर्व महोत्सवाचं तिकीट मी चैनीत धरत नाही, ते क्लासच्या फीच्या खात्यात टाका.)

दोन हजार पाण्यात जाऊ नयेत म्हणून खरेदीआधी परतीचे नियम वाचा. कानात घालायची वस्तू म्हणून बरेच विक्रेते पैसे परत देत नाहीत, फक्त बदलून देतात. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत स्वस्त मिळेल, पण तिथे घेतलं तरी जीएसटीचं बिल आणि वर्षाची वॉरंटी लेखी मागा, नकली माल भरपूर आहे. फोनला इअरफोनचं 3.5 मिलिमीटरचं छिद्र नसेल तर डोंगल लागेलच. ॲपलचा डोंगल उत्तम आहे, पण काही अँड्रॉइड फोनवर त्यातून आवाज फार हळू येतो, तेव्हा तो आधी कुणाकडून मागून आपल्या फोनवर लावून बघा.