मेंदूच्या दुखापतीच्या रिहॅबमध्ये काम करायचं तर फिजिओ घ्यावं की ऑक्युपेशनल थेरपी? आणि हे काम गावाकडे राहून होतं का?

ऑक्युपेशनल थेरपी घ्या. मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी आहे, तेव्हा पक्षपात गृहीत धरा. पेशंटला उभं करायला, तोल सांभाळायला, आखडलेला खांदा सोडवायला फिजिओच लागतो. पण माणूस चालायला लागला, घरी आला, की खरा प्रश्न सुरू होतो: आता दिवस कसा काढायचा? ते आमचं काम. आणि "गावाकडे होतं का" असं विचारताय, पण डोक्याला मार लागलेला माणूस नीट कळतो तो त्याच्या गावातच. शहरातल्या ओपीडीत तो अर्धाच दिसतो.

यवतमाळ जिल्ह्यातला एक शेतकरी, वय तिशीच्या आत. रात्री मोटरसायकलवर घरी येताना रोही (नीलगाय) आडवा आला. हेल्मेट नव्हतं. भरती केलं तेव्हा ग्लासगो स्कोअर, म्हणजे शुद्धीचं मोजमाप, १५ पैकी ७, म्हणजे गंभीर. दोन्ही फ्रंटल लोबला, म्हणजे मेंदूच्या कपाळामागच्या भागाला, मार होता. आयसीयूतल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी त्याला वाचवला, ते श्रेय त्यांचंच. सुट्टी देताना घरच्यांना सांगितलं गेलं, हातपाय चांगले आहेत, बोलतो, सगळ्यांना ओळखतो, घेऊन जा.

काही महिन्यांनी त्याची बायको माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, मोटर चालू करते न धुऱ्यावर (बांधावर) बसून राह्यते. वावर तुडुंब भरते, समोर दिसते, तरी उठत नाही. बंद करा म्हनलं का लगेच बंद करते. सासरे म्हन्ते आळशी झाला."

मी चाचण्या घेतल्या. एमएमएसई या स्मरण-आकलनाच्या छोट्या चाचणीत ३० पैकी २८. घड्याळाचं चित्र व्यवस्थित काढलं. पऱ्हाटीला (कपाशीला) पाणी कधी द्यायचं, किती द्यायचं, सगळं तोंडपाठ. कागदावर माणूस ठणठणीत.

इथे माझी जुनी जखम आहे. पीजी मी विदर्भाबाहेर केलं. तिथेही असाच एक पेशंट होता. त्याला घरी जाऊन बघायचं आणि ते प्रबंधात घ्यायचं, असं मी गाईडना म्हणाले. त्यांनी सगळ्या बॅचसमोर ऐकवलं, "घरचे वाढवून सांगतात. टेस्टमध्ये येत नाही ते नसतंच. अपघाताच्या क्लेमची केस असेल." विषय बदलावा लागला. वास्तविक लंडनच्या शॅलिस आणि बर्जेस या मेंदू-मानसशास्त्रज्ञांनी हेच १९९१ मध्ये लिहून ठेवलंय. फ्रंटल लोबला मार लागलेले तीन पेशंट, नेहमीच्या बऱ्याच चाचण्यांत चांगले. त्यांना बाजारपेठेत नेऊन छोटी छोटी कामं आणि काही नियम दिले, आणि तिथे ते कोलमडले. त्यातून मल्टिपल एरंड्स टेस्ट आली.

तर मी तीच परीक्षा आमच्या आठवडी बाजारात घेतली. पाव किलो मिरची घे, दोन व्यापाऱ्यांकडे कापसाचा भाव विचार, मेडिकलमधून आईची गोळी आण, बाराच्या एसटीच्या आत स्टँडवर ये. एका दुकानात दोनदा जायचं नाही. मी मागे मागे, वही घेऊन. मिरची घेतली. पुढे गावचा एक जण भेटला, त्याच्यासोबत चहा. परत मिरचीवाल्याकडे, परत मिरची. एसटी आली आणि गेली. मी जाऊन विचारलं, "भाऊ, काय काय करायचं होतं?" त्यानं एकही काम न चुकता यादी म्हणून दाखवली, नियमासकट. सगळं माहीत होतं, पण वेळेवर त्यातलं काही हातून होत नव्हतं. याला आळस म्हणणाऱ्याला आणि क्लेमचं नाटक म्हणणाऱ्याला मी सारखंच चूक धरते.

उपचारही तिथेच, वावरात. मोबाइलवरचे मेंदूचे खेळ मी दिलेच नाहीत, कारण खेळात माणूस खेळातच सुधारतो. मोटर चालू करतानाच फोनवर अलार्म लावायचा. तो वाजला की उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "थांब. काहून आलो होतो?" स्टार्टरच्या पेटीवर तीन ओळींचा कागद. बायकोनं "बंद करा" म्हणायचं नाही, "आता काय?" एवढंच विचारायचं. गोल मॅनेजमेंट ट्रेनिंग, म्हणजे मधेच थांबून आपलं काम काय होतं ते स्वतःला विचारायची सवय लावणं, त्याचं तत्त्व हेच, फक्त धुऱ्यावर बसवलेलं. सासऱ्यांना मी बाजारातली वही वाचून दाखवली, त्यानंतर त्यांच्या तोंडून आळशी हा शब्द गेला. आज तो ओलिताची पाळी एकटा सांभाळतो आणि डवरणी वडिलांसोबत करतो. पैशाचा व्यवहार बायकोकडे आहे. राग अजून येतो, तो पूर्ण जाईल असं मी कधीच सांगितलं नाही. फवारणी मी बंदच ठेवली आहे. फिटच्या गोळ्या चालू आहेत, आणि २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, त्यानंतर यवतमाळात तिचा धोका कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

वहीचा आणखी एक उपयोग. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मेंदूच्या दुखापतीचा वेगळा रकाना नाही. हातपाय शाबूत असलेल्या माणसाची अडचण दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डापुढे मांडायची तर "घरी आणि कामावर काय जमत नाही" हे कोणीतरी बघून लिहिलेलं लागतंच.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. एका पेशंटवरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, आणि प्रमाणित चाचण्या लागतातच, नाहीतर दोन पेशंटची तुलना कशी करणार? माझं भांडण चाचणीशी नाही, चाचणीपाशीच थांबण्याशी आहे. गावात या कामाचा पैसा जवळजवळ नाही. मी आठवड्यातले काही दिवस शहरातल्या खाजगी दवाखान्यात काढते, त्यावर हे चालतं. स्पीच थेरपिस्ट आणि न्यूरोसायकॉलॉजिस्ट तालुक्याला शोधून सापडत नाहीत, त्यामुळे बोलणं गेलेल्या पेशंटला नागपूरलाच पाठवावं लागतं. ओटीची पदवी नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आहे, मुंबईतही आहे. न्यूरोसायकॉलॉजीकडे, म्हणजे मेंदू आणि वागणं यांच्या संबंधाच्या अभ्यासाकडे, ओढा असेल तर बंगळुरूचं निम्हान्स बघा.

संशोधनाचं तुम्ही विचारलं नाही, पण तेही सांगते. त्यासाठी शहरात जा, पद्धत शिका, आकडेवारी शिका, त्याला पर्याय नाही. फक्त गाईड निवडण्याआधी त्यांना विचारा की पेशंटच्या घरी तुम्ही शेवटचं कधी गेला होतात. "त्याची गरज नसते" असं उत्तर आलं, तर नाव कितीही मोठं असो, दुसरा गाईड शोधा.