टर्बो सी++ मध्ये माऊसशिवाय कोडमध्ये झटपट कसे फिरावे? आणि हे शिकण्यात आज वेळ घालवावा का?

टर्बो सी++ (बोलताना नुसते टर्बो सी) हा सी आणि सी++ भाषांतला कोड लिहून चालवण्याचा जुना डॉस प्रोग्राम, आणि डॉसबॉक्स म्हणजे असे डॉस प्रोग्राम आजच्या संगणकावर चालवून देणारा प्रोग्राम. आधी तुमच्या दोन तक्रारी मिटवतो. डॉसबॉक्सने माऊस खिडकीत अडकवून ठेवला असेल, तर कंट्रोल+एफ10 दाबले की तो सुटतो. कंट्रोल+एफ9 दाबल्यावर प्रोग्राम चालण्याऐवजी सगळी खिडकीच नाहीशी होते, यात टर्बो सीचा दोष नाही. टर्बो सीमध्ये या कळा प्रोग्राम चालवण्याच्या आहेत आणि डॉसबॉक्समध्ये नेमक्या याच कळा डॉसबॉक्स तडकाफडकी बंद करण्याच्या आहेत. टर्बो सी डॉसबॉक्सच्या पोटात चालत असल्यामुळे या कळा आधी डॉसबॉक्सच्याच हाती लागतात. म्हणून ऑल्ट+आर दाबून मेनू उघडावा आणि एंटर दाबावे. त्यापूर्वी एफ2 दाबून फाइल सेव्ह करावी. कंट्रोल+एस दाबून फाइल सेव्ह झाली अशा समजुतीत राहू नये, कारण तिथे कंट्रोल+एस म्हणजे कर्सर एक घर डावीकडे, एवढेच.

मी इथेच थांबलो असतो, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिले आहे की, ‘असल्या कळा पाठ करण्यापेक्षा लॉजिककडे लक्ष दे, असे आमचे सर म्हणतात.’ हे वाक्य मी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात ऐकलेले आहे आणि ते तेव्हाही मला पटले नव्हते.

या कळा कोणाच्या लहरीतून आलेल्या नाहीत. 1978 साली वर्डस्टार हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम बाजारात आला, तेव्हा अनेक टर्मिनलांवर (संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डांवर) बाणांच्या कळाच नसत आणि कंट्रोलची कळ बहुधा ‘ए’च्या लगत डावीकडे, आज जिथे कॅप्स लॉक आहे तिथे असे. त्यामुळे करंगळी कंट्रोलवर ठेवून ई वर, एक्स खाली, एस डावीकडे आणि डी उजवीकडे, अशी चौकट डाव्या हाताखाली सहज बसली. त्याच्या बाहेरच्या अंगाला ए आणि एफ एकेक शब्द मागेपुढे नेतात, आर आणि सी एकेक पान वरखाली नेतात. याच कळा टर्बो सी बनवणाऱ्या बोरलँड कंपनीने 1983 च्या टर्बो पास्कलमध्ये (पास्कल भाषेसाठीच्या तशाच प्रोग्राममध्ये) घेतल्या आणि त्या 1987 च्या टर्बो सीमध्येही राहिल्या. सदाशिव पेठेतल्या टायपिंगच्या क्लासमध्ये ‘एएसडीएफ’ घोटून आलेल्या माझ्यासारख्या मुलाचा डावा हात आधीच नेमका तिथे होता. मला वेगळे पाठांतर फारसे करावेच लागले नाही.

आमच्या प्रयोगशाळेत माऊस फक्त सरांच्या टेबलावर होता. बाकीच्या कीबोर्डांची अवस्था ‘डेंजरस डेव्ह’ या खेळाने करून ठेवली होती. त्यात उडी मारायला वरचा बाण लागतो, आणि दुपारी सर जेवायला गेले की इतक्या उड्या मारल्या जात की खिडकीजवळच्या रांगेत वरचा बाण धड असलेला कीबोर्ड शोधावा लागे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माझ्या वाट्याला त्यातलाच एक आला. चिठ्ठीत लिंक्ड लिस्टचा मेनू-ड्रिव्हन प्रोग्राम निघाला, म्हणजे एक लांबलचक मेन (प्रोग्रामचा मुख्य भाग), त्यात वाइल (पुन्हा पुन्हा चालणारे लूप), त्यात स्विच (पर्याय निवडणारा भाग), आणि त्याच्या प्रत्येक केसमध्ये, म्हणजे पर्यायात, आणखी एखादे लूप; आणि या प्रत्येक भागाभोवती महिरपी कंसांची जोडी. कंपाइल केल्यावर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करताना, महिरपी कंस कमी असल्याचा एरर आला आणि नेहमीप्रमाणे तो फाइलच्या शेवटच्या ओळीवर दाखवला गेला, कारण कंस पुरत नाहीत हे कंपाइलरला शेवटी पोहोचल्यावरच कळते. कंस राहिलेला असतो वर कुठेतरी, आणि माझ्याकडे वर जायला बाण नव्हता.

मी कंट्रोल+क्यू आणि मग आर दाबून फाइलच्या सुरुवातीला गेलो. मेनच्या उघडत्या महिरपी कंसावर कर्सर ठेवून कंट्रोल+क्यू आणि मग चौकोनी कंसाची कळ दाबली, की कर्सर त्याच्या जोडीदार कंसावर उडी घेतो. मेनच्या कंसावरून तो हललाच नाही, म्हणजे त्याला जोडीदार उरला नव्हता. वाइलच्या कंसावरून तो थेट मेनच्या शेवटच्या कंसावर गेला, स्विचचा वाइलच्या कंसावर गेला, आणि डिलीटच्या केसमधल्या लूपचा कंस उडी मारून स्विचच्या कंसावर पडला. त्याच्या आतल्या इफची जोडी मात्र जागच्या जागी होती. चुकीची उडी मारणारा सर्वांत आतला कंस तोच, म्हणजे गुन्हेगार ते लूप. वर-खाली करायला ई, एक्स होतेच. शेजारचा मुलगा त्या वेळी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून कंस मोजत होता.

सर मागे उभे होते. बहिःस्थ परीक्षकांना त्यांनी मोठ्या आवाजात सांगितले की, ‘याला शॉर्टकटचा नाद आहे, हात जास्त चालतो.’ तोंडी परीक्षेत मला मिळालेले गुण इथे सांगण्यात अर्थ नाही. पुढे सर निवृत्त झाल्यावर कर्वे रस्त्यावर भेटले तेव्हाही त्यांनी हसत हसत ‘अजून कंट्रोल-क्यू का?’ असेच विचारले, आणि मी हो म्हणालो.

माझे मत असे आहे की, ज्याला लॉजिक म्हणतात ते कोडच्या रचनेत असते आणि त्या रचनेतून फिरण्याची साधने ही रचना वाचण्याचीच साधने आहेत. एकेक अक्षर सरकत जाणारा माणूस कोडकडे अक्षरांची रांग म्हणून पाहतो. शब्द, ब्लॉक, कंसाची जोडी आणि खूण करून ठेवलेली जागा अशा टप्प्यांनी जाणारा माणूस त्याच कोडकडे भागांची मांडणी म्हणून पाहतो. कंट्रोल+के आणि आकडा दाबून जागेवर खूण ठेवावी, दूरचे फंक्शन पाहून यावे आणि कंट्रोल+क्यू व तोच आकडा दाबून परत यावे. मधल्या वेळात डोक्यात धरलेला विचार सुटत नाही. स्क्रोल करत परत जागा शोधणाऱ्याचा तो सुटतो, हे मी कार्यालयात रोज पाहतो. तेव्हा सरांना नम्रपणे सांगावे की हात आणि डोके यांत त्यांनी पाडलेली फूट खरी नाही.

आता काही गोष्टी मान्य करायला हव्यात. विंडोजवरच्या आजच्या एडिटरमध्ये या कळा बहुतेक चालत नाहीत. तिथे कंट्रोल+एक्स निवडलेला मजकूर कापते. उलट टर्बो सीमध्ये सवयीने कंट्रोल+वाय दाबले तर अख्खी ओळ जाते, ती ऑल्ट+बॅकस्पेसने परत आणता येते. शिवाय टर्बो सी++ हा कंपाइलर सी++ च्या 1998 च्या प्रमाणीकरणाच्या आधीचा आहे आणि त्यात इंट (पूर्णांक ठेवण्याचा प्रकार) सोळा बिटांचा आहे, म्हणून 32767 च्या पुढे बेरीज गेली की उत्तर उणे येते. महाविद्यालयाची सक्ती नसेल तर तो शिकण्यासाठी वापरू नये, हे मीही म्हणेन. पण सक्ती आहेच, तर त्यातल्या हालचाली नीट शिकून घ्याव्यात. पुढे लिनक्सवर ‘जो’ नावाचा एडिटर घेतल्यास त्यात वर्डस्टारच्या वळणाच्या कळा मिळतात, आणि व्हिम हा दुसरा एडिटर घेतल्यास कळा बदलतात पण कंसावरून कंसावर जाण्याची सवय तशीच उपयोगी पडते.

आणि आजच्या कीबोर्डवर कंट्रोल खाली कोपऱ्यात असल्यामुळे करंगळी दुखते, ही तक्रार तुम्ही पुढच्या आठवड्यात करणारच आहात. कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाका.