३५ डॉलरचं इन्सुलिन कुणाला मिळतं

अमेय, तुझा मेल वाचला. डॅलसची नोकरी पक्की झाली, अभिनंदन. सायलीला टाइप-१ डायबेटिस असल्यामुळे तुमच्या घरात जे दोन तट पडलेत, ते वाचून हसूही आलं. बाबांचं म्हणणं, अमेरिकेत इन्सुलिन आता ३५ डॉलरलाच मिळतं, बायडेनने कायदाच केलाय. काका म्हणतात, तो कायदा राहू दे, ट्रम्प जगातल्या सगळ्यात कमी भावात औषधं आणतोय, म्हणजे आपलाच भाव तिकडे लागणार. आणि तू विचारतोस की खरं कुणाचं, आणि निवडणुकीत वारं फिरलं तर सायलीच्या औषधाचं काय.

सायलीपुरतं उत्तर आधी देते. तिच्या इन्सुलिनला बायडेन किंवा ट्रम्प, कुणाचाही कायदा थेट लागत नाही. तिच्या इन्सुलिनच्या पेनला किती पैसे पडतील ते तुझी कंपनी कुठला विमा देते त्यावर ठरेल. निघण्याआधी तपासायचा कागद तोच आहे. बाकीची भांडणं समजून घे, पण त्यांच्यावर तुमचं जाणं-न जाणं ठरवू नकोस.

मी बी.फार्म. झाले आणि लग्नापर्यंत नाशिकच्या गोळे कॉलनीत माझ्या बाबांच्या औषधांच्या होलसेल दुकानात बसले, हे तुला आईने सांगितलं असेलच. अमेरिकेत येऊन बरीच वर्षं फार्मसीच्या काउंटरवर काढली. आपल्याकडे किंमत स्ट्रिपवर छापलेली असते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात सूत्र सरळ आहे: आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधाचे बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेले जे ब्रँड असतील, त्यांच्या भावाची सरासरी काढायची, त्यावर १६ टक्के दुकानदाराचं मार्जिन, झाली कमाल किंमत. यादीबाहेरच्या औषधाची एमआरपी वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. २०२२ च्या यादीत इन्सुलिन ग्लार्जिन आलं, म्हणजे सायली रात्री घेते त्याला किमतीचं छत लागलं. सिडकोतला रिक्षावाला घेवो नाहीतर गंगापूर रोडवरचा बिल्डर, छत दोघांना एकच.

आणि हा आदेश मनमोहन सिंगांच्या सरकारने काढला, मोदी सरकारच्या काळातही तोच चालू आहे. जनऔषधी योजनाही २००८ ची, वाढली नंतरच्या सरकारात. आपल्याकडे औषधाच्या भावावरून भांडण होतं ते बहुतेक कंपन्या आणि औषधांच्या किमती ठरवणारी सरकारी संस्था एनपीपीए यांच्यात. त्यावर मतं मागितलेली मी तरी नाशिकमध्ये कुठल्या सभेत ऐकली नाहीत. कांद्याच्या भावावर मागतात.

इथे उलट आहे. गोळीवर किंमत छापलेलीच नसते. कंपनीची एक जाहीर किंमत, मधल्या दलाल कंपन्यांनी घासाघीस करून मिळवलेली सूट, ती सूट कुठे जिरते ते तिसरंच, आणि तुमच्या विमा कार्डावर लिहिलेला तुमचा वाटा चौथा. या दलाल कंपन्यांना पीबीएम म्हणतात, आणि देशातल्या जवळजवळ ८० टक्के प्रिस्क्रिप्शनचा व्यवहार त्यांच्यातल्या तिघींकडून होतो. एकाच रांगेतली दोन माणसं तीच डबी वेगवेगळ्या पैशांत घेऊन जातात. म्हणून सरकारने ‘मर्यादा घातली’ अशी बातमी आली की पहिला प्रश्न विचारायचा: कुणाच्या कार्डावर?

बाबांनी ऐकलेले ३५ डॉलर मेडिकेअरच्या कार्डावरचे आहेत. मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५ च्या पुढच्यांचा सरकारी विमा. ऑगस्ट २०२२ मध्ये बायडेननी सही केलेल्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टने त्यांच्यासाठी महिन्याच्या इन्सुलिनवर ही मर्यादा घातली. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, ५०-५० झाले, तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मताने विधेयक पार पडलं, रिपब्लिकन पक्षाचं एकही मत नव्हतं. तीच मर्यादा खाजगी विम्याला, म्हणजे तुझ्यासारख्यांना, लावायचा प्रयत्न त्याच वेळी झाला होता. ५७ विरुद्ध ४३ मतं पडली, सात रिपब्लिकनांनी बाजूने मत दिलं, पण सिनेटच्या नियमाने ६० लागत होती. तीन मतांनी सायली कायद्याबाहेर राहिली म्हण ना.

गंमत म्हणजे ३५ या आकड्यावर बायडेन आणि ट्रम्प दोघेही हक्क सांगतात. ट्रम्पच्या पहिल्या कारकिर्दीत मेडिकेअरमध्ये ३५ डॉलरच्या इन्सुलिनचा प्रयोग आखला गेला आणि जानेवारी २०२१ पासून सुरू झाला. पण तो ऐच्छिक होता, ज्या विमा योजनांना यायचं त्या आल्या. २०२२ च्या कायद्याने तो मेडिकेअरमध्ये सगळ्यांना बंधनकारक केला. तेव्हा काकांनी ‘हे तर ट्रम्पचंच’ म्हटलं तर ते अगदीच चूक नाहीत, अर्धं बरोबर आहेत.

सायलीसारख्यांचा खरा फायदा मात्र वेगळ्याच कलमाने झाला, आणि त्याबद्दल कुणी भांडतही नाही. गरिबांच्या सरकारी विम्याला, मेडिकेडला, कंपन्यांनी सूट द्यावी लागते, आणि औषधाची किंमत महागाईपेक्षा वेगाने वाढवली असेल तर ती सूट वाढत जाते. या सुटीवर कमाल मर्यादा होती. २०२१ च्या एका कायद्याने ती जानेवारी २०२४ पासून काढून टाकली. म्हणजे वर्षानुवर्षं भाव चढवलेल्या इन्सुलिनवर कंपनीला औषधाच्या किमतीपेक्षा जास्त सूट द्यावी लागली असती. २०२३ च्या मार्चमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या लिली, नोवो आणि सनोफी या तिन्ही कंपन्यांनी एकामागून एक जाहीर किमती उतरवल्या, ७० ते ७८ टक्क्यांपर्यंत. लॅन्टस, म्हणजे तेच ग्लार्जिन, ७८ टक्क्यांनी. खाजगी विमा असलेल्यांसाठी लिली आणि सनोफीने स्वतःहून ३५ डॉलरची मर्यादाही लावली. औदार्य कमी, हिशेब जास्त, असं माझं मत. पण काउंटरवर फरक दिसला.

आता काकांचा मुद्दा. मे २०२५ मध्ये ट्रम्पने आदेश काढला की इतर श्रीमंत देशांत औषध ज्या भावात मिळतं त्याहून अमेरिकेने जास्त देऊ नये. कल्पना ट्रम्पचीच, २०२० सालची, तेव्हा कोर्टात अडकली होती. यात भारत नाही. सरकारने तुलनेसाठी धरलेत ते ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटातले देश, आणि त्यातही ज्यांचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या किमान ६० टक्के आहे तेवढेच. गोळे कॉलनीचा भाव डॅलसला लागणार नाही, काकांना स्पष्ट सांग. सप्टेंबर २०२५ मध्ये फायझरशी पहिला करार झाला, मग इतर कंपन्यांशी. पण हे करार आहेत, संसदेचा कायदा नाही.

मला यात नवल वाटतं ते पक्षाचं. २००३ मध्ये बुश यांच्या काळात मेडिकेअरमध्ये औषधांचा समावेश झाला, तेव्हा रिपब्लिकनांनीच कायद्यात घातलं होतं की सरकारने कंपन्यांशी भावाची बोलणी करायची नाहीत. प्रतिनिधीगृहात पहाटे सुमारे तीन तास मतदान उघडं ठेवून ते विधेयक पास करून घेतलं. सरकारने किंमत ठरवली की संशोधन मरतं, ही त्यांची भूमिका. आज त्याच पक्षाचा अध्यक्ष परदेशातल्या सरकारांनी बांधलेल्या किमती आणायच्या म्हणतो. त्यांच्याच पक्षातल्या काहींना ते पचत नाही.

डेमोक्रॅट्सनी २०२२ मध्ये ती बंदी मोडली. पहिल्या दहा औषधांच्या बोलणीतल्या किमती १ जानेवारी २०२६ पासून मेडिकेअरमध्ये लागू झाल्या. तुझ्या बाबांची डायबेटिसची गोळी सिटाग्लिप्टिन त्यात आहे: तिच्या मूळ ब्रँडची, जानुव्हियाची, महिन्याची जाहीर किंमत ५२७ डॉलर होती, ठरली ११३. बाबा नाशिकमध्ये तीच गोळी, २०२२ मध्ये पेटंट संपल्यापासून, दिवसाला दहा-वीस रुपयांत घेतात. ११३ ऐकून त्यांना स्वस्त वाटणार नाही, पण ५२७ च्या शेजारी ठेवून बघ.

कोण बरोबर? माझा कल बोलणीच्या बाजूने आहे, लपवत नाही. मोठा ग्राहक घासाघीस करतो, हे गोळे कॉलनीत वाढलेल्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. पण दुसऱ्या बाजूची भीती मी हसण्यावारी नेत नाही. संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता की त्या कायद्यामुळे ३० वर्षांत येणाऱ्या सुमारे १,३०० औषधांपैकी १३ येणार नाहीत. ती १३ कुठली, ते कुणालाच कळणार नाही, आणि एखाद्या घरात त्यातल्याच एकाची गरज पडेल. शिवाय गोळ्यांना बोलणीतली किंमत बाजारात आल्यापासून ९ वर्षांनी लागते, सजीव पेशींपासून बनणाऱ्या, बहुधा इंजेक्शनच्या जैविक औषधांना १३ वर्षांनी. मग कंपनी गोळी बनवायचा खटाटोप कशाला करेल? हा आक्षेप मला रास्त वाटतो. आपल्याकडेही २०१७ मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या, औषध सोडणाऱ्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, लाखाच्या वरचा स्टेंट खाली आला, लोक खूश झाले. आणि लगोलग काही महागडे स्टेंट बाजारातून काढून घेऊ द्या, असे अर्जही आले. छताला किंमत असते. ती द्यायची की नाही हे मतदाराने ठरवायचं, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर तुला मत नाही.

एक गोष्ट दोन्ही पक्ष सोयीने विसरतात. इथली दहापैकी नऊ प्रिस्क्रिप्शनं जेनेरिकची असतात आणि ती इतर श्रीमंत देशांपेक्षा इथे स्वस्त आहेत. डायबेटिसच्या मेटफॉर्मिनसारखी औषधं २००६ पासून मोठ्या दुकानांत महिन्याला ४ डॉलरच्या यादीवर मिळत आलीत. त्यासाठी बॅगा भरू नकोस. भाव अंगावर येतो तो पेटंटमधल्या ब्रँडचा.

आई-बाबांना सहा-सहा महिने बोलवायचं म्हणतोस. व्हिजिटर व्हिसावर मेडिकेअर नाही, त्यामुळे ना ३५ डॉलर ना ११३. ग्रीन कार्ड असूनही मेडिकेअर विकत घ्यायला वयाची ६५ वर्षं आणि सलग ५ वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि आईवडिलांचं ग्रीन कार्ड मागायला आधी तू नागरिक व्हायला हवास. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग तुला माहीत आहे. प्रवाशांचा विमा जुना आजार बहुधा धरत नाही. त्यांनी औषधं नाशिकहूनच आणायची: मूळ पॅकिंगमध्ये, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, ब्रँडसोबत मूळ औषधाचं नाव लिहून. साधारण ९० दिवसांपुरती आणायला हरकत घेत नाहीत. त्यापुढची कुरिअरने मागवू नका. कायद्यात ते बसत नाही आणि पाकीट अडकतं.

सायलीनेही ९० दिवसांचं इन्सुलिन आणावं, केबिन बॅगेत. खालच्या सामानात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. ९० दिवस यासाठी की कंपनीचा विमा काही ठिकाणी पहिल्या दिवशी सुरू होतो, काही ठिकाणी वाट बघायला लावतात, आणि कायद्याने ते ९० दिवसांपर्यंत थांबवू शकतात. नाशिकची प्रिस्क्रिप्शन इथे चालत नाही. डायबेटिसच्या स्पेशालिस्टची, एंडोक्रायनॉलॉजिस्टची, वेळ मिळायला महिने जातात, म्हणून आल्या आठवड्यात साध्या फॅमिली डॉक्टरकडे नाव घाला.

डॅलस ज्या राज्यात आहे त्या टेक्सासबद्दल तू मुद्दाम विचारलंयस. हे रिपब्लिकन राज्य, आणि याच राज्याने २०२१ मध्ये कायदा करून इन्सुलिनचा रुग्णाचा वाटा एका प्रिस्क्रिप्शनमागे महिन्याला २५ डॉलरवर आणला, मेडिकेअरच्याही खाली. पक्षाच्या रंगावरून अंदाज बांधू नकोस तो यासाठी. पण त्यात मेख आहे. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या विम्याचे पैसे स्वतःच भरतात, विमा कंपनी फक्त कारभार बघते. अशा योजनांवर १९७४ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे राज्याचे नियम चालत नाहीत. म्हणून एचआरला पहिला प्रश्न हाच विचार: प्लॅन सेल्फ-फंडेड (पैसे कंपनीचे) आहे की फुली इन्शुअर्ड (पैसे विमा कंपनीचे)? मग विचार, डिडक्टिबल किती, आणि इन्सुलिन डिडक्टिबलच्या आधीपासून कव्हर आहे का. डिडक्टिबल म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला जी रक्कम भरून संपेपर्यंत विमा हात वर करतो. जानेवारीत माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त आवाज चढतात ते याच्यामुळे: डिसेंबरपर्यंत किरकोळ पैसे देणारा माणूस नव्या वर्षात एकदम मोठं बिल बघतो आणि मला सरकार समजून बोलतो. हाय-डिडक्टिबल प्लॅनलाही इन्सुलिन आधीपासून द्यायची मोकळीक आहे, बरेच देतात, सगळे नाही.

साखर मोजायचा सेन्सर आणि स्ट्रिप, पेनच्या सुया यांना मात्र मेडिकेअरची किंवा टेक्सासची इन्सुलिन मर्यादा नाही. सायली सेन्सर लावते ना? मग वर्षाच्या खर्चात इन्सुलिनपेक्षा तोच मोठा निघू शकतो, आणि तुझ्या मेलमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

ऑफर लेटरवर सही करायच्या आधी कंपनीकडून दोन कागद मागव: फायद्यांचा सारांश, जो त्यांना कायद्याने द्यावाच लागतो, आणि औषधांची यादी, जिला फॉर्म्युलरी म्हणतात. त्यात सायलीचं जेवणाआधीचं इन्सुलिन नेमकं कुठल्या ब्रँडचं धरलंय ते बघ. ते बहुधा एकच ब्रँड धरतात, आणि दरवर्षी बदलू शकतात. दोन्ही कागद, तिचे महिन्याचे युनिट आणि सेन्सरचं नाव मला पाठव. शनिवारी सुट्टी असते, सायलीचा वर्षाचा खर्च मांडून परत पाठवते.

— मावशी