हप्ता 1,315 दिसतोय, पण घर 1,315 मध्ये पडत नाही

तुमचा मेल दोनदा वाचला. पुण्याहून इलिनॉयमधल्या मोलीनला, ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअर कंपनीत, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, पगार 98 हजार डॉलर, वहिनी जोडीदाराच्या एच-फोर व्हिसावर म्हणजे कमावणारे तुम्ही एकटेच, नदीपलीकडे आयोवातल्या बेटेनडॉर्फला 1,450 भाडं, साठलेत 70 हजार, महिन्याचा खर्च चारेक हजार. आणि आता मिसिसिपी नदीजवळचं, आयोवातल्याच डॅव्हनपोर्टचं 2 लाख 60 हजारांचं घर मनात भरलंय, कारण 20 टक्के रोख भरून उरलेल्या कर्जाचा, साडेसहा टक्क्यांनी 30 वर्षांचा, महिन्याचा हप्ता 1,315 येतो, मग भाडं कशाला भरायचं.

पहिल्या हप्त्यातले 1,127 नुसतं व्याज आहे हो, मुद्दलात जातात जेमतेम 188! वर तुम्हीच पाठवलेला वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स 4,600 आणि इन्शुरन्स 1,800 धरला की महिन्याला 1,850 च्या आसपास जातं, आणि छप्पर, फर्नेस, बर्फ काढणं हे अजून यायचंय.

गाव स्वस्त आहे यात वादच नाही, आणि मोलीनला नोकरी करून आयोवात राहायचं तुमचं गणितही बरोबर आहे, दोन राज्यांच्या करारामुळे पगारावर इलिनॉयचा 4.95 ऐवजी आयोवाचा 3.8 टक्के लागतो, हजारेक डॉलर वाचतात. पण ते भाड्याच्या घरात राहूनही वाचतायतच ना.

मला खुपतंय ते वेगळंच. 52 हजार डाउन पेमेंट आणि क्लोजिंगचे, म्हणजे खरेदी पूर्ण करतानाच्या खर्चाचे, साधारण आठ हजार गेले की हातात उरतात 10 हजार, म्हणजे अडीच महिने. 2024 मध्ये डिअरने याच भागातल्या कारखान्यांतून शेकडो लोक कमी केले. तुमचं तसं होईल असं नाही म्हणत, पण झालंच तर व्हिसावर जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी नोकरी नाही मिळाली तर देश सोडायचा आणि घाईत घर विकायचं, तेही एजंटचं कमिशन देऊन, म्हणजे पडेल भावातच.

आणि नदी. समोरच्या काठावरच्या रॉक आयलंड गावाला पूरभिंत आहे, डॅव्हनपोर्टला नाही, 30 एप्रिल 2019 ला तात्पुरता बांध फुटून डाउनटाउनमध्ये पाणी शिरलं होतं. साधा होम इन्शुरन्स पुराचं काही देत नाही, पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, ती तुमच्या हिशोबात कुठे दिसली नाही.

माझ्या मते यंदा नको. शिल्लक 85 हजारांवर गेली की घ्या, म्हणजे घर घेऊनही जवळपास सहा महिन्यांचा खर्च बाजूला राहील, आणि शक्यतो टेकडीवरच्या बाजूला बघा. तोवर या घराचा पत्ता फेमाच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आपत्ती खात्याच्या, फ्लड मॅपवर टाकून बघा, फुकट आहे, एजंट म्हणतो "इथं कधी पाणी आलं नाही" त्यावर जाऊ नका.